घरात एकाला फ्लू झालाय, बाकीच्यांना वाचवता येईल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नवऱ्याला काल सकाळपासून सणसणीत ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला. तपासणीत इन्फ्लुएंझा ए निघाला. घरात सात महिन्यांचं बाळ आहे, ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. झोपायच्या खोल्या दोनच, बाथरूम एकच. जो तो सांगतोय की एकाला झालं म्हणजे घरात सगळ्यांना होणारच, उगाच धडपड करू नका. हे खरं आहे का, हा विषाणू पसरतो तरी कसा, आणि जे काही करायचं त्यात कशाला खरोखर अर्थ आहे, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही. श्वसनविकारांचे रुग्ण तपासणं आणि रुग्णालयातलं संसर्ग नियंत्रण, या दोन कामांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. ‘होणारच आहे’ हे वाक्य ऐकलं की घरची माणसं हात टेकतात, आणि ज्या दोन-तीन दिवसांत काही करण्यासारखं असतं नेमके तेच दिवस वाया जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. म्हणून आधी आकडे सांगते. बॅलोक्सेव्हिर या फ्लूवरच्या औषधाची एक मोठी चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णांबरोबर त्यांच्या घरातल्या माणसांवरही लक्ष ठेवलं होतं. ज्या घरांत रुग्णाला हे औषध दिलंच नव्हतं, तिथेही पाच दिवसांत घरातल्या साधारण १३ टक्के माणसांनाच त्याच्याकडून लागण झाल्याचं तपासणीत सिद्ध झालं. कोविडच्या पहिल्या वर्षातले अनेक देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा घरातल्या लागणीचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास होतं. ओमायक्रॉन आल्यावर ते ४० टक्क्यांच्या वर गेलं, तरीही एकाच छताखाली राहणारी निम्म्याहून जास्त माणसं सुटली. गोवर वेगळा. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा धोक्याची असते. नेहमीच्या फ्लूचा हाच आकडा एक ते दोनच्या मध्ये असतो. आकडा एवढा लहान असला की घरातल्या साध्या उपायांनीही साखळी तुटू शकते.

आता पसरतो कसा ते पाहू. रुग्ण खोकतो किंवा शिंकतो तेव्हाच विषाणू बाहेर पडतात अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही घशातून आणि फुप्फुसांतून द्रवाचे बारीक कण बाहेर येत असतात. आवाज जितका मोठा, तितके ते जास्त. इन्फ्लुएंझाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. तो सुटा उडत नाही, या कणांत बसून प्रवास करतो. म्हणून कण केवढा आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. उभ्या माणसाच्या तोंडातून निघालेला १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत पाच सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला तेवढंच अंतर खाली यायला अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनच्या कणाला बारा तास. आणि घरातली हवा स्थिर कधीच नसते. पंखा चालू असतो, दारं उघडतात, माणसं ये-जा करतात, माणसाच्या अंगाच्या उबेनेही हवा वर चढत राहते. हे बारीक कण खाली बसायच्या आत खोलीभर पसरलेले असतात.

विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ मध्येच दाखवलं होतं की बारीक थेंब जमिनीवर पडायच्या आत सुकतात आणि त्यांचे अवशेष हवेत तरंगत राहतात. तरीही पुढे कित्येक दशकं वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत पाच मायक्रॉनची रेषा आखलेली होती. त्याहून मोठा कण एक-दोन मीटरच्या आत खाली पडतो, लहान तेवढा हवेत राहतो, आणि फ्लूसारखे आजार मोठ्या थेंबांचे, असं आम्हालाही शिकवलं गेलं. सहा फुटांचं अंतर आणि टेबलावरचे प्लास्टिकचे पडदे त्याच शिकवणीतून आले. भौतिकशास्त्राच्या हिशेबात ही रेषा कधीच बसत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये लहान-मोठ्या कणांची ही जुनी फाळणी सोडून दिली. श्वासावाटे बाहेर पडणारे सगळ्या आकाराचे कण हवेतून जवळही जाऊ शकतात आणि लांबही, हे तिने स्वीकारलं.

याचा अर्थ काय होतो ते एका घटनेत लख्ख दिसतं. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण आले होते. त्यांतल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. नंतर उरलेल्या ६० पैकी ५२ जण आजारी पडले. ३२ जणांचा कोविड तपासणीत सिद्ध झाला, २० जणांची लक्षणं जुळणारी होती. दोघे दगावले. एकच माणूस इतक्या सगळ्यांच्या तोंडावर खोकला असणं शक्य नाही. बंद दालनात सगळे मोठ्याने गात होते, दीर्घ श्वास घेत होते, आणि त्या माणसाने सोडलेली हवा अडीच तास तिथेच फिरत होती. हा आजार फ्लू नव्हता, पण हवेतून पसरण्याची रीत तीच.

कोणी विचारलं की अमुक ठिकाणी धोका किती, तर मी सांगते की रुग्ण तिथे बसून सिगारेट ओढतोय असं समजा. तुमच्यापर्यंत धूर किती येईल? समोरासमोर गप्पा मारताना भरपूर, उघड्या मैदानात पाच मीटरवर जवळजवळ नाही, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तासाभराने कोपऱ्यातही. अंतर राखून उपयोग होतोच, कारण तोंडाजवळ हा धूर सगळ्यात दाट असतो. पण बंद खोलीत बराच वेळ गेला की अंतराचा फायदा संपत जातो.

एवढं कळलं की धोका तीन गोष्टींवर येतो: श्वासात किती कण आले, किती वेळ येत राहिले, आणि रुग्णाच्या आजाराचा तो कितवा दिवस होता. शेवटच्या गोष्टीकडे लोकांचं लक्षच नसतं, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००३ चा सार्स हा कोविडचाच चुलतभाऊ. त्याला थोपवता आलं. जगभर ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यूंवर, जुलै २००३ मध्ये ती साथ संपली. त्यामागचं एक मोठं कारण असं की सार्सच्या रुग्णाच्या शरीरातला विषाणू आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात, दहाव्या दिवसाच्या सुमारास शिखरावर जायचा. तोवर माणूस रुग्णालयात पोचलेला असायचा. कोविडमध्ये हे शिखर लक्षणं दिसू लागण्याच्या सुमारासच येतं, आणि बरीच लागण लक्षणं दिसण्याआधीच होऊन जाते. फ्लूही त्याच जातीचा. ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासून माणूस विषाणू सोडत असतो. ताप आल्यावरचे पहिले तीन दिवस सगळ्यात जोराचे, मग पाच ते सात दिवसांपर्यंत प्रमाण उतरत जातं. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं याहून जास्त दिवस विषाणू सोडतात.

तुमच्या घरात म्हणजे परवाच्या दिवशी, सगळे नेहमीसारखे एकत्र बसले असताना, विषाणू हवेत आला असण्याची शक्यता आहे. इथेच लोक म्हणतात, मग आता काय उपयोग? उपयोग आहे. त्या दिवशी लागण झालीच असेल असं नाही, आणि सगळ्यात जोराच्या तीन दिवसांतले आज आणि उद्या अजून हातात आहेत. जितके कमी विषाणू आत जातील तितकी लागणीची शक्यता कमी, आणि ती शक्यता रोज नव्याने खाली आणता येते. दुसरं असं की फ्लू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात, सरासरी दोन. तुम्ही नवऱ्याजवळ होतात. म्हणजे तुम्हीही आज धडधाकट दिसत असून उद्या विषाणू सोडणाऱ्या असू शकता. म्हणून पुढचे चार-पाच दिवस सासूबाईंच्या जवळ जाताना आणि बाळाला घेताना मास्क तुम्हीही लावायचा आहे. रुग्णाला वेगळं ठेवलं की झालं असं समजणाऱ्या घरांत आजार बहुधा इथूनच पुढे सरकतो.

आता तुमच्या दोन खोल्या. एक पूर्णपणे नवऱ्याला द्या, दुसऱ्या खोलीत सासूबाई आणि बाळ. तुम्ही शक्य असेल तर बाहेरच्या खोलीत झोपा. नवऱ्याच्या खोलीचं दार सतत बंद आणि खिडकी सतत उघडी. पण नुसती खिडकी उघडून भागत नाही, वाऱ्याची दिशा बघावी लागते. वारा खिडकीतून आत येत असेल तर तो खोलीतली हवा दाराखालच्या फटीतून घरभर ढकलतो, म्हणजे उलटाच परिणाम. हे तपासायची सोपी रीत आहे. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा आणि बाहेरच्या बाजूने, दार बंद असताना, दाराखालच्या फटीपाशी सैल धरा. पट्टी खोलीच्या आत ओढली गेली तर उत्तम, घरातली हवा त्या खोलीत जाते आहे आणि खिडकीवाटे बाहेर पडते आहे. पट्टी तुमच्याकडे फडफडली तर खिडकीत एक टेबलफॅन तोंड बाहेर करून ठेवा, त्याच्या आजूबाजूची मोकळी जागा पुठ्ठ्याने बुजवा, आणि पट्टी पुन्हा धरून बघा. रुग्णालयात संसर्गजन्य रुग्णांच्या खास खोल्या असतात, त्यांतही हेच तत्त्व असतं: हवा नेहमी बाहेरून खोलीत शिरली पाहिजे, खोलीतून व्हरांड्यात कधीच नाही. रात्री वारा फिरतो, म्हणून झोपण्याआधी पट्टी पुन्हा एकदा धरा.

छताचा पंखा हवा फक्त ढवळतो, बाहेर काढत नाही. घरात भिंतीवर बसवतात तसा एसीही बहुतेक वेळा खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. लोक एसी लावून दारं-खिडक्या बंद करतात तेव्हा दिवसभराची हवा तिथेच साचते. एसी लावायचाच असेल तर खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गारवा थोडा कमी होईल, होऊ द्या.

बाथरूम एकच आहे, तिथे वेळेचा हिशेब करा. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. तासाला दोनदाच बदलत असेल तर दोन तास अठरा मिनिटं. घरातल्या बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा नेमका किती हवा ओढतो हे मोजता येत नाही, म्हणून मी सांगते की पंखा सतत चालू ठेवा, नवऱ्याने आत जाताना मास्क लावावा, आणि त्याच्यानंतर तासभर तरी सासूबाईंनी तिथे जाऊ नये. दात घासायला आणि अंघोळीला मास्क काढावाच लागतो, म्हणून ती दोन्ही कामं त्याने सगळ्यांची उरकल्यावर, शेवटी करावीत.

बाळ आणि सासूबाईंच्या खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवता आलं तर ठेवा. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. विषाणू तर ०.१ चा, मग तो निसटेल की, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. निसटत नाही. एक तर तो मोठ्या कणात बसलेला असतो. शिवाय ०.३ च्या आसपासचे कण पकडायला सर्वांत अवघड असतात, त्याहून लहान कण हवेत सैरावैरा हलत राहतात आणि फिल्टरच्या तंतूंवर जाऊन आदळतात. खोलीच्या मानाने यंत्र लहान असेल तर मात्र फारसा उपयोग नाही. खोकीवजा पंख्याला चांगल्या प्रतीचे चार फिल्टर चिकटवून घरीच बनवायचं एक यंत्र २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथाल यांनी सुचवलं, शाळांच्या वर्गांत ते खूप वापरलं गेलं. आयनायझर किंवा ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो, आणि तुमच्या घरात तर तान्हं बाळ आहे.

खोलीतली हवा खरंच बदलते आहे का हे कळायला कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मला ते फार उपयोगाचं वाटतं, कारण ते डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आकड्यात दाखवतं. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्षात साधारण ४२० भाग असतो. आपल्या उच्छ्वासात तो ४०,००० च्या आसपास असतो. खोलीत आकडा १,२०० झाला तर तुमच्या दर श्वासातला सुमारे पन्नासावा भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला आहे. ८०० च्या खाली राहिला तर हवा चांगली खेळते आहे असं मानायला हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हेपा यंत्र विषाणूचे कण काढतं, हा वायू काढत नाही. त्यामुळे ते चालू असताना आकडा खाली आला नाही तरी घाबरू नका.

मास्क एन९५ किंवा एफएफपी२ प्रतीचा घ्या. नवऱ्याने खोलीबाहेर पाऊल टाकताना आणि तुम्ही त्याच्या खोलीत जाताना, दोघांनी लावायचा. उगमापाशी अडवलेला कण खोलीत येतच नाही, त्यामुळे त्याचा मास्क तुमच्या मास्कपेक्षाही महत्त्वाचा. कापडी मास्क नसण्यापेक्षा बरा, इतकंच. एन९५ मध्ये तंतूंवर विद्युतभार असतो आणि तोच बारीक कण ओढून धरतो. धुतला, सॅनिटायझर मारला की हा भार जातो. दिसायला मास्क तसाच राहतो, काम करत नाही. कागदी पिशवीत वाळवून, घट्टपणा शाबूत आहे तोवर तो पुन्हा वापरता येतो. लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर फट आहे. दाढीवर कोणताच मास्क नीट बसत नाही. बाळाला मास्क लावायचा नाही, दोन वर्षांखालच्या कुठल्याच मुलाला लावायचा नाही, गुदमरण्याचा धोका असतो.

हातांचं काय? इथे विषाणूविषाणूंत फरक आहे. आरएसव्ही नावाचा विषाणू तान्ह्या मुलांना फार छळतो. त्याच्यावर कॅरोलिन हॉल या बालरोगतज्ज्ञांच्या गटाचा १९८१ चा एक सुंदर अभ्यास आहे. आरएसव्ही झालेल्या बाळांजवळ त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट पाठवले. पहिल्या गटाने बाळाला कुशीत घेतलं, भरवलं, लंगोट बदलला. दुसरा गट बाळ खोलीत नसताना आला, त्याने फक्त पाळणा, खेळणी हाताळली आणि मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना हात लावला. तिसरा गट बाळापासून सहा फुटांहून लांब नुसता बसून राहिला. कुशीत घेणाऱ्या सातांपैकी पाच जणांना लागण झाली, वस्तू हाताळणाऱ्या दहांपैकी चौघांना, नुसत्या बसलेल्या चौदांपैकी कोणालाही नाही. म्हणजे आरएसव्हीला हात आणि वस्तू चांगल्याच चालतात. फ्लूचा विषाणू स्टील-प्लास्टिकवर २४ ते ४८ तास, कापड-कागदावर ८ ते १२ तास टिकल्याचं प्रयोगात दिसलं आहे, पण हाताच्या त्वचेवर तो पाचेक मिनिटांतच कमी होतो. म्हणून फ्लूमध्ये मी हातांना दुसरा क्रमांक देते, हवेला पहिला.

तरी हात धुवाच. फ्लू, कोविड, आरएसव्ही या सगळ्यांभोवती स्निग्ध आवरण असतं आणि साबणाने ते विरघळतं. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर. बाळाला घेण्याआधी दर वेळी. दाराच्या मुठी, नळाची तोटी, मोबाइल, रिमोट दिवसातून एकदोनदा पुसले की पुरे. फरशी औषधी पाण्याने चार वेळा पुसणं, कपडे उकळणं, भांडी कायमची वेगळी काढणं यात जीव घालवू नका. ती ताकद खिडकीसाठी आणि मास्कसाठी राखून ठेवा. त्याचे कपडे-भांडी साबणाने नेहमीसारखी धुतली की चालतात.

बाळाला अंगावर पाजत असाल तर ते अजिबात थांबवू नका. फ्लू दुधातून जात नाही, उलट दुधातून प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, जातात. मास्क लावा, हात धुवा आणि पाजा. तुम्ही आजारी पडलात तरीही.

गुळण्या, वाफ, व्हिटॅमिन सी यांतलं काहीही लागण थांबवत नाही. गुळण्यांनी रुग्णाच्या घशाला आराम पडतो, त्यासाठी जरूर कराव्यात. बाळाजवळ गरम पाण्याचं भांडं मात्र नको, भाजण्याचे अपघात नेहमी होतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते घरात पडलेलं असलं तरी कोणाला देऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल. घरात कोणत्याही लहान मुलाला फ्लूची शंका असताना ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रेज सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

औषधाबद्दल मात्र आजच, वाट न पाहता डॉक्टरांशी बोला. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर आहे, आणि त्याचा खरा फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर मिळतो. तुमच्या नवऱ्याची वेळ अजून गेलेली नाही. वर सांगितलेल्या बॅलोक्सेव्हिरच्या चाचणीत, ४८ तासांच्या आत औषध घेतलेल्या रुग्णांकडून घरातल्यांना झालेली लागण १३ टक्क्यांवरून साडेनऊच्या आसपास आली. म्हणजे रुग्णावरचा उपचार घरच्यांनाही थोडं संरक्षण देतो. डॉक्टरांना आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारा: ‘सासूबाईंना आणि बाळाला लागण होऊ नये म्हणून ओसेल्टामिव्हिरची प्रतिबंधक मात्रा द्यावी का?’ संपर्क आल्यापासून ४८ तासांत सुरू केली तर वृद्ध, मधुमेही आणि अगदी लहान मुलांसाठी तिचा विचार होतो. मात्रा वयावर, वजनावर आणि मूत्रपिंडाच्या कामावर ठरते, त्यामुळे सासूबाईंचे आधीचे रक्ततपासणीचे कागद जवळ ठेवा. हा प्रश्न घरच्या माणसांनी विचारला नाही तर घाईच्या ओपीडीत तो राहून जातो.

लस या खेपेला कामी येणार नाही, तिला प्रतिपिंडं तयार करायला दोनेक आठवडे लागतात. पण साथ आणखी काही काळ चालू शकते, आणि फ्लूचे एकाहून जास्त प्रकार एकाच मोसमात फिरतात. म्हणून घर सावरलं की सगळ्यांनी घ्या. सहा महिने पुरे झालेल्या बाळाला लस देता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. विषाणू स्वतःला बदलत राहतो, त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी वेगवेगळी, लशीतली वाणं ठरवते. नेम चांगला बसला त्या वर्षी लस डॉक्टरांकडे जाण्याइतका आजार ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा ऐकून लोक नाक मुरडतात. सासूबाईंच्या वयात लागण झाली तरी न्यूमोनियापर्यंत जाऊ नये, यासाठी तेवढंही फार मोलाचं आहे. माणसांनी एकत्र काळजी घेतली तर काय होतं याचंही एक उदाहरण फ्लूमध्येच आहे. बी/यामागाता नावाची फ्लूची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे नैसर्गिकरीत्या पसरताना खात्रीने आढळलेली नाही. कोविडसाठी पाळलेल्या अंतरात आणि मास्कमध्ये ती बहुधा संपली, आणि आता लशीत तिची गरजही उरलेली नाही.

किती दिवस हे सगळं? ताप उतरवणारं औषध न घेता २४ तास ताप नसेल आणि तब्येत सुधारत असेल, तर नवऱ्याला खोलीबाहेर यायला हरकत नाही. त्यानंतर आणखी पाच दिवस घरात मास्क आणि खिडक्या उघड्या. बाळाला त्याने घेणं आणि सासूबाईंशेजारी बसून जेवणं त्या पाच दिवसांनंतर. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल, तेवढ्यावरून तो अजून विषाणू सोडतोय असं समजू नका.

आणि या दिवसांत डोळ्यात तेल घालून काय बघायचं ते सांगते. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, त्याचे श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध ओढायचं ते सोडून देत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते नेहमीसारखं जागं होत नसेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या. सासूबाईंच्या बाबतीत तापाची वाट पाहू नका, त्या वयात फ्लूला ताप येतोच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, जेवण टाकणं, साखर कारण नसताना चढणं ही सुरुवात असू शकते. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब निघा. नवऱ्याचा ताप उतरून एक-दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढला, पिवळा-हिरवा कफ पडू लागला, तर तो फ्लू उलटला असं समजून घरी बसू नका. विषाणूने सोलून काढलेल्या श्वासनलिकेत जिवाणूंचा न्यूमोनिया शिरलेला असू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि ते त्याच दिवशी सुरू व्हावं लागतं.